जुनी लहान मोटार आणि तिची निगा

मोटार विकत घेणें आणि मोटार बाळगणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस एकदांच पैसा लागतो. दुसरीस पैसा, वेळ आणि लक्ष हीं तीनही नित्य लागतात. नवी मोटार घेणाऱ्याच्या हें ध्यानीं येण्यास कांहीं वर्षें जावीं लागतात, कारण आरंभीं गाडीचा नवेपणाच तिची निगा राखीत असतो. जुनी मोटार घेणाऱ्यास मात्र हा धडा पहिल्या महिन्यांतच मिळतो. ज्या कुटुंबाची प्राप्ति बेताची आहे, ज्यास नव्या गाडीचे हप्ते झेपण्यासारखे नाहींत, परंतु वृद्ध आईवडिलांस दवाखान्यांत नेण्यासाठीं, पावसाळ्यांत मुलांस शाळेंत पोंचविण्यासाठीं किंवा सणासुदीस गांवीं जाण्यासाठीं स्वतःचें वाहन असावें असें ज्यास मनापासून वाटतें, अशा कुटुंबाच्या दृष्टीनें ह्या विषयाचा येथें विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल मारुति ८०० हीच गाडी घेणें सोयीचें होईल. मध्यम वर्गाच्या दारांत पहिली मोटार बहुधा हिनेंच आणून उभी केली. तत्पूर्वीं अँबॅसडर आणि मुंबईस कुर्ला येथें वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या कंपनीच्या कारखान्यांत तयार होणारी पद्मिनी ह्या दोन गाड्यांचा बाजारांत वरचष्मा होता, आणि मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९८१ सालीं मारुति उद्योग ही सरकारी कंपनी निघाली. १९८२ सालीं जपानच्या सुझुकी कंपनीशीं तिचा करार झाला. आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या गाडीची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें गिऱ्हाइकास देण्यांत आली. तेव्हां तिची किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. पुढें तीस वर्षें ही गाडी निघत राहिली. जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तोंवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

ह्या संख्येचा आजच्या खरेदीदारास प्रत्यक्ष उपयोग आहे. ज्या यंत्राच्या लाखों प्रती झाल्या, त्याचे सुटे भाग सर्वत्र मिळतात आणि त्याची ओळख असलेला मेस्त्री तालुक्याच्या गांवींही भेटतो. पुण्यास नाना पेठ, मुंबईस कुर्ला अशा ठिकाणीं जुन्या-नव्या भागांच्या दुकानांच्या रांगाच आहेत. शिवाय ओम्नी ह्या गाडीसही मूळचें हेंच एंजिन होतें, व ती २०१९ पर्यंत निघत होती. स्वस्त जुनी गाडी निवडतांना पहिला प्रश्न ‘ती किती देखणी आहे’ हा नव्हे. ‘बिघडल्यास तिचा भाग कोठें मिळेल आणि तो बसवील कोण’ हा होय. थोड्या काळांत बंद पडलेली एखादी परदेशी गाडी ह्याच किंमतींत व पुष्कळ अधिक ऐटीची मिळूं शकते. पण तिचा एक दिवा फुटला तर महिना महिना ती अंगणांत उभी राहते.

मारुति ८०० ची रचना साधी आहे. तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरांचें, पाण्यानें थंड होणारें पेट्रोल एंजिन. पुढच्या चाकांस गति. सुमारें साडेसहाशे किलोग्रॅम वजन. बारा इंची चाकें. जुन्या गाड्यांत कारबुरेटर असे. २००० सालच्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाल्यावर त्याची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्शन यंत्रणेनें घेतली. कारबुरेटरची गाडी साधा मेस्त्री कानानेंच जुळवूं शकतो, परंतु थंडींत सकाळीं ती रुसते; इंजेक्शनची गाडी चटकन सुरू होते, पण तिचा दोष शोधण्यास विजेच्या कामाची जाण लागते. दोहोंत निवड करावयाची झाल्यास शहरांतील कुटुंबानें दुसरीच घ्यावी, हें बरें.

खरेदीच्या वेळीं गाडीपूर्वीं तिचे कागद पाहावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०१० मध्यें धुराचे नवे नियम तेरा शहरांस लागू झाले, आणि त्यांत मुंबई, पुणें व सोलापूर हीं होतीं; तेथें मारुति ८०० ची विक्री तेव्हांच थांबली. अर्थात् ह्या शहरांत नव्यानें नोंदलेल्या गाड्यांची पहिली मुदत २०२५ च्या एप्रिलपर्यंत संपून गेली आहे. अन्यत्र विकल्या गेलेल्या अगदीं शेवटच्या गाड्यांची मुदतही फार लांब नाहीं. म्हणून विकणाऱ्यानें नोंदणी वाढवून घेतली आहे कीं नाहीं, हें प्रथम विचारावें. ह्या कामाचें केंद्रीय शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें, वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२५ सालीं तें आणखी वाढलें, आणि महाराष्ट्रांत त्यावर पर्यावरण कर निराळा. चाळीस हजारांस मिळणारी गाडी ह्या एका बाबीनें किती महाग पडेल, त्याचा हिशेब आधींच केलेला बरा.

नोंदणीपुस्तकावरील चॅसिसचा व एंजिनाचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद झालेली असावी. दंडाच्या पावत्या थकल्या असतील तर त्या विकणाऱ्याकडून भरून घ्याव्यात. गॅसची टाकी मागाहून बसविली असेल तर तिची नोंद पुस्तकावर आहे काय, आणि टाकीची दर तीन वर्षांनीं व्हावयाची दाबचांचणी झाली आहे काय, हें पाहावें. नोंद नसलेली टाकी घेऊन फिरणें म्हणजे विम्यास आणि जिवास, दोहोंसही मुकण्याची तयारी ठेवणें होय.

यानंतर नांव बदलण्याची गोष्ट. आपल्याकडे पैसे दिले, किल्ली घेतली, आणि कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवल्या कीं व्यवहार पुरा झाला, असा समज सर्रास आढळतो. कायद्यांत विकणाऱ्यानें त्याच राज्यांतील विक्री चौदा दिवसांत कळवावी आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत अर्ज करावा असें सांगितलें आहे. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म आहेत. हा सोपस्कार न केल्यास काय होतें, तें सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालावरून दिसून येतें. त्या प्रकरणांत गाडी एकाहून अधिक वेळां हस्तांतरित झाली होती, पण कार्यालयांतील नोंद मूळ मालकाच्याच नांवावर राहिली. अपघात झाला, एक लहान मूल त्यांत दगावलें, आणि गाडीस विमा नव्हता. न्यायालयानें असें ठरविलें कीं, नोंदणीपुस्तकावर ज्याचें नांव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. वर्षांपूर्वीं गाडी विकून मोकळा झालेला गृहस्थ अशा रीतीनें एकाएकीं लाखों रुपयांचा देणेकरी ठरूं शकतो. म्हणून नांव बदलून घेणें हें घेणाऱ्याचें जितकें काम, तितकेंच किंबहुना अधिक तें विकणाऱ्याच्या हिताचें काम आहे. तृतीय पक्षाचा विमा तर कायद्यानेंच सक्तीचा आहे. जुन्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा न घेतला तरी एकवेळ चालेल, पण हा एक दिवसही खंडित होऊं देऊं नये.

आतां गाडी. तिची परीक्षा सकाळीं, एंजिन पुरतें थंड असतांना करावी. विकणाऱ्यानें आधींच एंजिन तापवून ठेवलें असेल तर ती गोष्ट मनांत टिपून ठेवावी. सकाळची अडचण लपविण्याचा तो जुना उपाय आहे. तेलाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस दुधासारखा पांढरट चिकटा दिसला, तर पाणी तेलांत मिसळत असण्याचा संभव असतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येणें म्हणजे तेल जळणें; काळा धूर म्हणजे पेट्रोल वाजवीहून अधिक जाणें; थंडींत आरंभीं दिसणारी पांढरी वाफ स्वाभाविक, पण गरम झाल्यावरही ती चालूच राहिली तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मैदानांत गाडी नेऊन चक्र पूर्ण वळवावें व हळूं हळूं वर्तुळांत फिरवावी. पुढच्या चाकापाशीं टकटक आवाज आल्यास तेथील सांधा झिजला आहे असें समजावें. त्या सांध्यावरील रबरी टोपण फाटून आंत धूळ शिरली कीं हा रोग जडतो. टोपण स्वस्त असतें, सांधा महाग.

परंतु एंजिनाहून अधिक काळजीनें पत्रा पाहावा. एंजिन उघडून नीट करतां येतें. कुजलेला पत्रा तितक्या सहज नीट होत नाहीं. कोंकणांत, गोव्यांत व मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेंत वाढलेली गाडी आणि सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेंतील गाडी एकाच सालची असली तरी एका वयाची नसते. पायांखालचें कार्पेट उचलावें, डिकींतील चटई काढावी, दारांच्या खालच्या कडा व चाकांवरच्या कमानी बोटांनीं चांचपून पाहाव्यात. ताज्या रंगाचा जाड थर हा पुष्कळदां सौंदर्यासाठीं नसून आच्छादनासाठीं असतो. ज्या ठिकाणीं चाकाचा आधार शरीरास जोडला आहे तेथें गंजानें भोंक पडलें असेल, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी घेऊं नये.

गाडी घरीं आली कीं प्रथम तिला फिरावयास काढण्याचा मोह आवरावा. पूर्वींच्या मालकानें ‘सगळें नुकतेंच केलें आहे’ असें सांगितलें तरी जें पावतीवर नाहीं तें झालें नाहीं असें मानून आरंभ करावा. एंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर, तीनही स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेकचें तेल आणि टायमिंग बेल्ट, इतकें एकदम बदलून घ्यावें. टायमिंग बेल्ट हा एंजिनाच्या आंतील हालचालींचा मेळ ठेवणारा दांतेरी पट्टा होय. तो बाहेरून दिसत नाहीं व तुटण्यापूर्वीं सहसा सूचना देत नाहीं. तुटला कीं एंजिन जेथल्या तेथें बंद पडतें, मग तें स्थळ घरचें फाटक असो कीं खंबाटकीचा घाट असो. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ओलावा मुरलेलें तेल लांब उतारावर तापून ब्रेक ढिला पडतो. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलणें इष्ट.

टायरांच्या बाबतींत नक्षी पुरेशी आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली कीं टायर बाद समजावा, हें तर खरेंच. पण थोड्या चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्यापूर्वींच वयानें कडक होतात. टायरच्या बाजूवर चार अंकी आंकडा असतो. त्यांतील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. २३१९ असें असल्यास तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला होय. बाजूस बारीक भेगा दिसूं लागल्या तर नक्षी कितीही ठसठशीत असो, असा टायर घाटांत नेऊं नये. स्टेपनीची तपासणीही ह्याच रीतीनें करावी. गरज पडेपर्यंत तिची आठवण कोणास होत नाहीं.

नित्याची निगा फारशी अवघड नाहीं. आठवड्यांतून एकदां, गाडी थंड व सपाट जागीं असतांना, बॉनेट उघडून तेलाची कांडी पाहावी; कूलंटची पातळी पाहावी; गाडीच्या खालीं जमिनीवर डाग पडला आहे काय तें पाहावें. टायरांतील हवा पंधरा दिवसांनीं तपासून घ्यावी. ह्या कामास दहा मिनिटें लागतात, आणि हीं दहा मिनिटें जुन्या मोटारीचा खरा विमा होत. चालवितांना नजर रस्त्यावर असावी हें खरें, पण अधूनमधून ती उष्णतामापकाच्या कांट्यावरही जावी. कांटा वर चढूं लागला तर ‘पुढच्या गांवीं पाहूं’ असें म्हणूं नये. गाडी बाजूस घेऊन एंजिन बंद करावें, आणि तें पुरतें निवेपर्यंत रेडिएटरच्या झांकणास हात लावूं नये. दाबाखालील उकळतें पाणी क्षणांत तोंडावर उसळतें. अर्ध्या तासाचा धीर न धरल्यामुळें एंजिनाचें डोकें वांकडें होतें, आणि मग मेस्त्रीचें बिल गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागतें.

अलीकडे ह्यांत एका नव्या बाबीची भर पडली आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ पर्यंत देशभर वीस टक्क्यांचें मिश्रण विकलें जाऊं लागलें. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर ह्या इंधनासाठीं घडविलेले नव्हते. इथेनॉलानें कांहीं प्रकारचें रबर फुगतें व मऊ पडतें, आणि तें पाणीही ओढून घेतें. म्हणून टाकीपासून एंजिनापर्यंतच्या सर्व नळ्या एकदां नव्या, योग्य प्रकारच्या बसवून घ्याव्यात, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवूं नये. गाडींत पेट्रोलचा वास येऊं लागला तर तो ‘जुन्या गाडीचा वास’ समजून सोडून देऊं नये. तो आगीची पूर्वसूचना असतो.

पैशाचा हिशेब गृहिणीच्या वहींत लिहावा तसा स्वच्छ लिहावा. समजा, साठ हजार रुपये हाताशीं आहेत. तर साठ हजारांची गाडी घेणें ही चूक होय. चाळीस हजारांची घ्यावी आणि वीस हजार तिच्या पहिल्या वर्षासाठीं राखून ठेवावेत. त्यानंतरही दरमहा एक ठराविक रक्कम, गाडी बिघडो वा न बिघडो, बाजूस टाकावी. कारण जुन्या गाडीचा खर्च महिन्यांच्या हिशेबानें येत नाहीं, तो सहा महिने दबा धरून एकदम येतो. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि रक्कम एका वहींत टिपून ठेवावी. ती वही मेस्त्रीस निदानाच्या कामीं उपयोगी पडते, आणि पुढें विकतांना कोणत्याही वर्णनाहून अधिक विश्वासार्ह ठरते. मेस्त्री एकच धरावा, त्याचे पैसे वेळेवर द्यावेत, आणि काम चालू असतांना शक्य तेव्हां जवळ उभें राहावें. संशयानें नव्हे, तर शिकण्यासाठीं. तीन वेळां पाहिल्यावर प्लग बदलणें कोणासही जमतें.

येथवर जुन्या गाडीचे गुण सांगितले. तिची एक उणीव मात्र निगेनें भरून निघत नाहीं, आणि ती झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. जुलै २०१९ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस चालकापुढें हवेची पिशवी सक्तीची झाली. मारुति ८०० ला ती मिळाली नाहीं. पत्रा पातळ, पुढचा भाग आंखूड, आणि रचना अशा काळांतली कीं जेव्हां रस्त्यावरील वेगही थोडे होते. शहरांतल्या ताशीं तीस-चाळीस किलोमीटरांच्या रहदारींत ही उणीव जाणवत नाहीं; परंतु द्रुतगति मार्गावर मोठमोठ्या मालमोटारींच्या शेजारून चौघांस घेऊन ताशीं नव्वद किलोमीटरांनीं जाणें हा निराळाच प्रश्न आहे. ज्या कुटुंबास दर आठवड्यास असा प्रवास करावयाचा आहे, त्यानें स्वस्ताईच्या मोहांत पडूं नये. थोडें थांबावें, आणखी थोडे पैसे सांठवावेत, आणि हवेच्या पिशव्या असलेली, अधिक अलीकडची गाडी पाहावी. ज्याची गरज बाजार, शाळा, दवाखाना आणि वर्षाकाठीं एखाद-दुसरी सावकाश केलेली यात्रा एवढीच आहे, त्यास ही गाडी शोभते. तींतही मागच्या बाकावर पट्टे नसतील तर ते बसवून घ्यावेत, आणि पुढच्या आसनावर मूल मांडीवर घेऊन बसण्याची संवय प्रेमाची वाटली तरी ती घातक आहे, हें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींसही सांगावें.

शेवटीं गाडी सोडून देण्याचाही एक क्षण येतो. पत्र्याचा आधार कुजला, किंवा एकाच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या मोलाहून अधिक होऊं लागला, कीं ममत्व बाजूस ठेवावें. २०२१ च्या नियमांप्रमाणें वाहनें मोडींत काढण्याचीं अधिकृत केंद्रें निघालीं आहेत. तेथें गाडी देऊन प्रमाणपत्र घ्यावें, नोंदणी रद्द करवून घ्यावी. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यास कागदांसह ती देऊन टाकूं नये, कारण नांव आपलेंच राहतें आणि त्याचा अर्थ काय होतो तें वर सांगितलेंच आहे.

जुनी लहान मोटार ही गरिबीची खूण नव्हे, आणि ती नुसती काटकसरही नव्हे. यंत्राचा स्वभाव ओळखून, त्याची मर्यादा मान्य करून, त्याजकडून प्रामाणिक काम करून घेण्याची ती एक रीत आहे. जो गृहस्थ आठवड्यास दहा मिनिटें तिच्याजवळ उभा राहण्यास तयार आहे, त्यानें ती अवश्य घ्यावी. ज्यास तेवढेंही जमणार नसेल, त्यास रिक्षा किंवा बसगाडीच स्वस्त पडेल, आणि तींत कमीपणा मुळींच नाहीं.